एकसष्टावं कार्ड

“पाटणकर, हे कार्ड अपुरं आहे,” म्हणत टिळेकरबाईंनी ते माझ्या टेबलावर परत ठेवलं.

इंग्रजी-मराठी कोशाच्या कामात ‘रन’ हा शब्द माझ्या वाट्याला आला, त्याला चार वर्षं झाली होती. धावण्यापासून सुरुवात केली. मग नळ, नाक, दुकान, निवडणूक असं करत साठ अर्थ झाले. प्रत्येक अर्थाला एक कार्ड. त्यावर मराठी वाक्य हवं, तेही कोणीतरी खरोखर बोललेलं. कोण बोललं, कोणाला, कधी, हे रकाने भरल्याशिवाय तपासनीस टिळेकरबाई सही करत नसत. माझी मनाने रचलेली वाक्यं त्यांनी बरोब्बर ओळखून परत पाठवली होती. शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या.

एकसष्टावा अर्थ घर चालवण्याचा. मी लिहिलं होतं: ‘बायको गेल्यापासून एकटाच घर चालवतोय, आता दोघांनी चालवावं असं वाटतं.’ कोण : मी. कधी : आज.

“‘कोणाला’ रिकामं आहे,” बाई म्हणाल्या.

मी पेन उघडून त्यांचं नाव लिहिलं.

त्यांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“तुम्ही मला असं काही म्हणाला नाहीत. नियम माहीत आहे ना? आधी बोलायचं, मग लिहायचं.”

मी उभा राहिलो आणि सगळ्या ऑफिससमोर ते वाक्य म्हटलं. बाईंनी सही केली.

कोश छापून आला तेव्हा एकसष्टाव्या अर्थापुढे उदाहरण नव्हतं. ते कार्ड आमच्या फ्रिजवर आहे.