तोंडं समुद्राकडे

"झडप उघड, ओडनी," तोर्लाइव दातओठ खात पुटपुटला. चेहऱ्यावर मात्र त्याने हसू ठेवलं होतं, कारण समोर सगळं गाव उभं होतं.

केंद्र सांभाळणाऱ्या ओडनीने झडपेच्या चाकावरचा हात काढून घेतला. "नाही," ती म्हणाली.

सतरा मे होता, राष्ट्रदिन. शाळेपासून निघालेली मिरवणूक यंदा वाट वाकडी करून नदीकाठच्या मत्स्यबीज केंद्रापाशी आली होती. बायका लोकरीच्या घेरदार पोशाखात, छातीवर चांदीचे बिल्ले. पोरांच्या एका हातात झेंडा, दुसऱ्यात आइस्क्रीम. बँडवाले वाद्यं ओठांना लावून खुणेची वाट बघत होते. केंद्राच्या लांबलचक टाक्यात सॅमन माशाची आठ हजार पिल्लं होती. या नदीच्या वंशाची जगात तेवढीच उरली होती. झडप वर गेली की ती नळातून थेट खाडीच्या खाऱ्या पाण्यात जाणार होती.

"अगं, चांदीसारखी चमकताहेत ती. आणखी काय हवं तुला?" नदी समितीचा अध्यक्ष म्हणून तोर्लाइवने नगराध्यक्षांना भाषणासाठी बोलावून ठेवलं होतं.

"चमकतात रे. पण तोंडं बघ कुठे आहेत. सगळी नदीकडे." पिल्लं खरंच टाक्यात येणाऱ्या पाण्याला छाती देऊन उभी होती. "काल वीस पिल्लं खाऱ्या पाण्याच्या टबात सोडली. सकाळी अकरा उलटी तरंगत होती."

"म्हणजे नऊ जगली ना? आता या लोकांना मी काय सांगू?"

"सांग, माशांना सतरा मे कळत नाही."

हे तिने जरा मोठ्यानेच म्हटलं. पुढच्या रांगेतल्या पोरी खुदकन हसल्या, आणि तोर्लाइव कानापर्यंत लाल झाला. नगराध्यक्षांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. बँडने काहीतरी वाजवलं आणि मिरवणूक आल्या पावली परत गेली.

तोर्लाइव आणि ती एकाच बाकावर शिकले होते, तरी ओडनीने त्याला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. बारा वर्षांपूर्वी पहिली तुकडी तिनेच सोडली होती. तीही अशीच चकचकीत होती. त्यातलं एकही पिल्लू मोठं होऊन नदीत परतलं नाही. गावाने वरच्या धरणाला दोष दिला आणि ओडनी गप्प बसली. गोड्या पाण्यात माशाचं शरीर मीठ धरून ठेवतं आणि पाणी बाहेर टाकतं. समुद्रात हाच कारभार उलटा करावा लागतो, समुद्र प्यायचा आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकायचं. वसंतात हा पालट आतल्या आत होतो. अंगाचा रंग आधी बदलतो, कल्ले मागाहून, आणि ते तयार झाले की पिल्लू तोंड समुद्राकडे फिरवतं. घाई केली तर पिल्लू भर समुद्रात तहानेने मरतं. तिला हे नंतर कळलं, आणि तेव्हापासून वसंत आला की तिची झोप उडायची.

पण उशीरही चालत नव्हता. पाणी तापलं की कल्ले पुन्हा जुन्या कामाला लागतात आणि मग सगळं मुसळ केरात. मे संपत आला तशी तीही आतून हलली. दुकानात गेली की दुकानदारबाई विचारायच्या, "काय ओडनी, आज तरी मुहूर्त आहे का?" ती पाव उचलायची आणि बाहेर पडायची. बाविसाव्या तारखेला टबात नवी वीस सोडली, त्यातली सहा मेली. पंचविसाव्याला पाच. टाक्यातली तोंडं नदीकडेच होती. आपण हट्टापायी नदीचा वंश बुडवतोय, असं तिला पंचविसाव्याच्या संध्याकाळी वाटलं, आणि ती टाक्याच्या काठावर बसून रडली.

अठ्ठाविसाव्या तारखेला भर पावसात तोर्लाइव आला. "समितीचा ठराव झालाय. आज झडप मी उघडणार. तू बाजूला हो."

"होते बाजूला. आधी टब बघ."

तो वाकला. एक, दोन, तीन करत त्याने बोटाने मोजलं, आणि चुकल्यासारखं वाटून पुन्हा मोजलं. वीसच्या वीस पिल्लं खाऱ्या पाण्यात गिरक्या घेत होती.

"आता इकडे ये," ओडनी म्हणाली. तिने त्याला बाही धरून टाक्यापाशी नेलं. कालपर्यंत नदीला धरून उभी असलेली आठ हजार पिल्लं रातोरात फिरली होती. येणाऱ्या पाण्याकडे सगळ्यांच्या पाठी होत्या आणि बंद झडपेपाशी नुसती रेटारेटी चालली होती.

तोर्लाइवने काठावरून आत वाकून पाहिलं. मग त्याचा चेहरा पडला. अकरा दिवस घाई करणारा माणूस, आणि आता चाकाकडे जायला त्याचा पाय उचलेना. "ओडनी, एवढीच उरलीत गं. चुकलं तर? आणखी एक दिवस थांबू या का?"

"आता तासभरसुद्धा नाही!" ती ओरडली आणि एकदम हसायलाच लागली. बारा वर्षांत ती अशी हसली नव्हती. "एकदा मी चुकले होते, तोर्लाइव. धरण नव्हे, मी. आज नाही चुकत."

तोर्लाइवने डोक्यावरची टोपी काढली आणि पावसात तसाच उभा राहिला.

ओडनीने दोन्ही हातांनी चाक धरलं. गंजलेलं चाक करकरत फिरलं, झडप वीतभर वर गेली. चाकाचा दुसरा फेरा पुरा व्हायच्या आत निम्मं टाकं रिकामं झालं होतं.