सुनेची कविता

"काढून टाक ती कविता. आईची बदनामी होतेय," माझा लेक सुनेवर खेकसला.

मोबाइलवरच्या तिच्या कवितांच्या ग्रुपात एरवी कुणी काहीही लिहिलं तरी फुलं पडतात. आज मात्र अ‍ॅडमिनबाईंनी सुनावलं होतं, घरातलं घरात ठेवा.

मी म्हटलं, "माझ्या बदनामीला अख्खी गल्ली पुरते. तू वाच गं."

ती चाचरत वाचू लागली. सगळ्यांना गरम भाकरी वाढून सून शेवटी गार तुकडा खाते, आणि सासू तिच्या ताटाकडं बघत बसते. एक अक्षर खोटं नव्हतं.

मी तिच्या फोनवर ग्रुपात बोलायचं बटण दाबून धरलं. "ती सासू मीच. कविता कुणी काढायची नाही. आणि बायांनो, तुमच्या घरी काय देव्या नांदतात? लिहा की."

पहिली कविता अ‍ॅडमिनबाईंच्या सुनेची आली.