एकशेवीसचा काटा

कोळशाच्या सिरॅमिक ग्रिलचा तापमानाचा काटा उज्ज्वलाने पहाटेपासून एकशेवीस अंशांवर धरला होता. आत बोकडाची अख्खी मांडी होती. तिची पहिलीच ऑर्डर, दुपारी एकची. आंघोळ उरकून ती गच्चीवर आली, तर काटा दोनशेदहावर आणि खालची हवेची झडप सताड उघडी.

"विस्तव मरत चालला हुता," सासरे म्हणाले. साखर कारखान्याचा बॉयलर त्यांनी तीस वर्षं पेटता ठेवला होता. "जरा वारं दिलं."

तिने झडपा बंद केल्या. काटा ढिम्म.

"झाकण उघड की. वाफ जाईल."

"हवा लागली की आणखी भडकतो, आबा. आणि हे जाड भांडं एकदा तापलं की लवकर निवत नाही."

"मग असलं घ्यायचंच कशाला?"

साडेबाराला मांडी निघाली ती बाहेरून काळी, आतून चामडं. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन वाजला. तिच्याआधी आबांनीच उचलला.

"मटण मी जाळलं. सुनेचं काय चुकलं न्हाई."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज तिलाही ऐकू आला. आबा मात्र मोबाइल कानाला धरून समजावतच राहिले.