एकविसाव्या पानावरची फुली

"अगं, हे रद्दीत?" शालनकाकूंनी गठ्ठ्यातून मंगळवासीयांच्या पृथ्वीवरच्या स्वारीची कादंबरी ओढून काढली. मुखपृष्ठावर हिरवे राक्षस, तिरपं रॉकेट. पुठ्ठा चिकटपट्टीने कसाबसा धरलेला.

"कोण वाचतंय आता, काकू? त्यातलं विज्ञानही कधीच खोटं ठरलंय." वाचनालयात मला नव्या पुस्तकांसाठी जागा हवी होती.

काकूंनी एकविसावं पान उघडलं. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी जाऊ नये म्हणून आमचे जुने सभासद ठरलेल्या पानावर आपली खूण करून ठेवतात. काकूंची खूण म्हणजे पेन्सिलीची बारीक फुली. इथे तर फुल्यांची रांगच होती.

"खूण दिसूनही परत परत नेलंत?" मला हसू आलं.

"खूण बघूनच न्यायचे. आमचे हे अंथरुणाला खिळले होते, तेव्हा रोज संध्याकाळी वाचून दाखवायचे त्यांना. डॉक्टर काहीच नक्की सांगत नव्हते गं. यात पृथ्वी मात्र दरवेळी बचावायची."

काकूंनी पुस्तक कपाळाला लावलं.

"मग घरीच ठेवा ना तुम्ही," मी म्हटलं.

"नको. कपाटातच असू दे. कुणाच्या तरी घरी लागेल."