घंटी ऐकू यावी म्हणून

लालासाहेबांच्या ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन ट्रॉल्या असायच्या आणि टेप असा दणक्यात, की मागच्या सायकलची घंटी ऐकू येण्याची सोयच नव्हती. रोज सकाळी तब्येतीसाठी सायकल मारणारे सांगलीचे चिंतामणराव शेवटी कारखान्याच्या फाट्यावर हेल्मेटासकट आडवे उभे राहिले.

"तो टेप बंद ठेवा. एखाद्या दिवशी चाकाखाली जाईन मी."

"आवं सायेब, रातभर कारखान्याव नंबरात बसायचं, उजाडलं की परत फडावर. गाणं हाय म्हणून डोळं उघडं ऱ्हात्यात."

"ते पोलिसांना सांगा."

लालासाहेब हसले. "ऱ्हाऊ द्या. तुमच्या जिवापरीस गाणं मोठं न्हाई."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर खरंच गाण्यावाचून चालला होता. चिंतामणरावांनी जिंकल्याच्या तोऱ्यात घंटी वाजवली, तरी बाजू मिळेना. मुद्दाम अडवतोय गडी, असं म्हणत त्यांनी सायकल कडेच्या मातीत घातली आणि चार शब्द सुनवायला ट्रॅक्टरच्या बरोबरीनं आले.

लालासाहेबांची हनुवटी छातीला टेकली होती. रस्ता कालव्यापाशी वळत होता, ट्रॅक्टर सरळच निघाला होता, आणि इंजिनाच्या धडधडीत चिंतामणराव जीव तोडून घंटी वाजवत होते.