तास पुरा होईपर्यंत

पोलादी जाळीचा हातमोजा, खुंटीला टांगलेला. पालथा ठेवलेला मोबाईल. भिंतीपाशी कलंडलेला पेला आणि त्याच्याखाली पसरत चाललेलं पाणी. नुसतं लोटून घेतलेलं दार. जळक्या केसांसारखा वास.

'वास येतोय,' धाकट्याने मनात नोंद केली आणि सोडून दिली.

बाहेरच्या खोलीत तो मांडी घालून, डोळे मिटून बसला होता. अधिष्ठानाची बैठक. तासभर हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत. बसल्यावर आतलं काय काय वर येतं, असं ध्यानवर्गाच्या बाईंनी बजावलं होतं. वास येतात, आवाज येतात. त्यांच्यामागे धावायचं नाही. नुसतं बघायचं. येतं ते जातं.

मघाशी आतल्या खोलीत काहीतरी आपटलं होतं. तेही त्याने नुसतं बघितलं होतं. आवाज आला, आवाज गेला. गुडघ्यात कुणी सळई फिरवावी तसं होत होतं, पण आज तो तसूभरही हलला नव्हता. आज तास पुरा होणार होता. पहिल्यांदाच.

त्याचं सगळं त्या तासावर येऊन ठेपलं होतं. कपड्यांच्या कारखान्यात तो पोलादी हातमोजा घालून मशीनवर कापडाचे थर कापायचा. दारूने हात थरथरू लागले तेव्हा मालकाने त्याला मशीनवरून काढून तागे उचलायला लावलं. बायको माहेरी गेली ती गेलीच. मग कुणीतरी त्याला बाईंकडे नेलं. ज्या दिवशी बैठक नीट व्हायची, त्या दिवशी संध्याकाळी त्याचे पाय दारूच्या दुकानाकडे वळायचे नाहीत. मोडली की वळायचे. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

आतल्या खोलीत थोरला होता. धंद्याने रंगारी. कामावर पडून पाठ मोडल्यापासून कमरेखाली त्याला काही कळत नसे. पायांना मधूनच आपोआप झटका येई तेवढाच. त्यावर तो म्हणायचा, "गंमत बघ. तू न हलायला शिकायला जातोस, आणि माझे पाय न सांगता नाचतात." धाकटा बसायला निघाला की विचारायचा, "काय महाराज, आज लागणार का समाधी?"

एकदा त्याने बैठक चालू असताना हाक मारली होती. लघवीचं भांडं हवं होतं. धाकटा उठला, भांडं दिलं, आणि रात्री भिंती धरत घरी आला. दारातूनच ओरडला, "तूच उठवलंस मला." त्यानंतर बैठकीत थोरल्याची हाक पुन्हा आली नाही. धाकट्याला वाटलं, बरं झालं, दादाला समजलं.

मोबाईल वाजला.

धाकट्याने डोळे उघडले. तास पुरा झाला होता. पायांना मुंग्या आलेल्या, तोंडावर हसू, अशा अवस्थेत तो लंगडत आत गेला. दादाला सांगायचं होतं.

थोरला भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"झाला का तास?" त्याने न वळता विचारलं.

"झाला. पुरा झाला, दादा."

"मग आता तो हीटर बंद कर."

तेव्हा धाकट्याने पाहिलं. झटका येऊन थोरल्याचा डावा पाय पलंगावरून खाली घसरला होता आणि टाच हीटरच्या लाल जाळीला टेकून राहिली होती. किती वेळ, कोण जाणे. थोरल्याचा हात पायापर्यंत पोचत नव्हता, बटणापर्यंतही नाही. हाताशी होता तो पाण्याचा पेला त्याने फेकून पाहिला होता. नेम चुकला होता.

वास तिथेच होता. तो मनातून वर आलेला नव्हता.

बटण बंद करून धाकट्याने पाय सोडवला. सोडवताना थोडं जाळीलाच राहिलं.

"हाक का नाही मारलीस?"

थोरल्याने मान त्याच्याकडे वळवली. मग म्हणाला, "पाय तर गेलेलाच होता. तू अजून पुरता गेला नव्हतास."

दवाखान्यात डॉक्टरांनी घोट्यावरून कापावं लागेल असं सांगितलं. धाकट्याने सही केली. ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी त्याला अशी तहान लागली की तो फाटकापर्यंत गेला. रस्त्यापलीकडे दुकानाचा दिवा लागलेला होता. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं त्याला आठवलं. तेव्हा त्याने त्यातलं अर्धंच ऐकलं होतं. ठरवलेलं मोडायचं नाही, हे कुणालाही जमतं, त्या म्हणाल्या होत्या. काय ठरवायचं, तिथे माणूस चुकतो.

किती तरी वेळ तो फाटकाचे गज धरून उभा होता. मग मागे फिरला आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर जाऊन बसला.

थोरल्याला गुंगीतून जाग आली. "वेळ झाली तुझी," तो पुटपुटला. "बस ना."

"बसलोय, दादा."

धाकट्याचे डोळे उघडे होते. पांघरुणाखाली एका बाजूला पाऊल उंचावलेलं दिसत होतं, दुसऱ्या बाजूला कापड सपाट होतं. तो तेच बघत होता, आणि या खेपेला ते येऊन जात नव्हतं. त्या संध्याकाळी तो प्यायला नाही. दुसऱ्या दिवसाचं त्याने कुणाला वचन दिलं नाही.

थोरला कामावर पडला त्या दिवशी शिडी खालून धाकट्याने धरलेली होती.