कॅप्टनचा हात

"हे यंत्र म्हणजे ज्यांना उडवता येत नाही त्यांची कुबडी आहे," कॅप्टन सबनीस तोंड वाकडं करून म्हणाले. "आमच्या वेळी विमान हाताला कळायचं. तुम्हा पोरांना नुसती बटणं दाबता येतात."

शेजारी बसलेली सहवैमानिक ऋता समोरचे काटे तपासत होती. खाली धावपट्टी दाट धुक्यात बुडाली होती. अशा धुक्यात विमान यंत्रानेच उतरवायचं, असा नियम होता. म्हणून सबनीस धुसफुसत बसले होते.

जमीन जवळ आली तसं त्यांना विमान डावीकडे कलल्यासारखं वाटलं. समोरचे काटे ते सरळ असल्याचं दाखवत होते. पण काट्यांचं ऐकतील ते सबनीस कसले!

"मारणार हे गाढव आपल्याला!" म्हणत यंत्र बंद करायला त्यांनी उजवा हात घातला.

ऋताने त्यांचं मनगट करकचून धरलं. "सर, हात मागे घ्या. विमान सरळ आहे. तुम्हाला भास होतोय."

त्यांनी हिसडा दिला. तिने नखं रुतवली, पण मनगट सोडलं नाही. तेवढ्यात धावपट्टीचे दिवे अगदी नाकासमोर उगवले आणि चाकं अलगद टेकली.

प्रवाशांना निरोप द्यायला सबनीस दाराशी उभे राहिले. एक आजोबा थांबले. "काय सुरेख उतरवलंत हो! बाहेर तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं."

"यंत्राचं काम नाही ते, आजोबा," सबनीस छाती फुगवून म्हणाले. "त्याला हात लागतो, हात!"

आणि त्यांनी तो ऐटीत पुढे केला. मनगटावर ऋताची चार नखं अजून लालभडक उमटलेली होती.